कथा, कथानक, पटकथा : हे एकच की तीन?

प्रश्न

मी पुण्यात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजात महिन्यातून एक चित्रपट दाखवतात आणि त्यावर दोन पानं लिहून द्यायची असतात. गेल्या वेळी मी सुरुवातीला ‘कथा’ लिहिलं, पुढे ‘कथानक’ आणि शेवटी ‘स्टोरी’. मॅडमनी तिन्ही शब्दांखाली रेघ मारून समासात विचारलं, “हे एकच की तीन?” घरच्या छोट्या शब्दकोशात पहिल्या दोन्ही शब्दांपुढे ‘गोष्ट’ एवढंच दिलंय. पटकथेचं काय, तेही कुणी नीट सांगेल का?

प्रतिसाद

मॅडमनी मोलाचा प्रश्न विचारलाय. बोलताना आपण सरसकट ‘स्टोरी काय आहे?’ म्हणतो आणि ते चालून जातं. पण चित्रपटावर लिहायला बसलं की हे शब्द वेगळे केल्याशिवाय पुढे सरकताच येत नाही.

समजा, सदाशिव पेठेतला एक जुना वाडा पुनर्विकासाला जातो. तिथे साठ वर्षं राहिलेली आजी मुलाकडे कोथरूडला येते. तिचं मन काही रमत नाही. एका दुपारी ती कुणाला न सांगता रिक्षा करून निघते. संध्याकाळी मुलाला ती सापडते, पाडलेल्या वाड्याच्या जागी, पत्र्याच्या कुंपणाशी बसलेली. घडलं तसं, त्याच क्रमाने सांगितलं, ही झाली कथा.

आता चित्रपट सुरू होतो तोच मुलाच्या धावपळीने. आजी कुठे गेली हे त्याला ठाऊक नाही, आपल्यालाही नाही. तो शेजारी विचारतो, देवळात डोकावतो, पोलीस चौकीत जातो. मधूनमधून वाड्यातले दिवस दिसत राहतात. वाडा पाडलाय हे आपल्याला कळतं ते अगदी शेवटी. घटना त्याच आहेत, एकही वाढवलेली नाही. बदलला तो क्रम, आणि प्रेक्षकाला काय केव्हा कळू द्यायचं हा निर्णय. ही मांडणी म्हणजे कथानक. पहिल्या क्रमात आपण ‘पुढे काय होईल’ म्हणून बघतो, दुसऱ्या क्रमात ‘हे का झालं’ म्हणून.

आजी निघाल्यापासून सापडेपर्यंतचे तास पडद्यावर दाखवलेच नाहीत, तरी कथेत ते असतातच. ते आपण मनात भरून घेतो. कथा बरीचशी प्रेक्षकाच्या डोक्यात पुरी होते, कथानक मात्र समोर असतं, त्याकडे बोट दाखवता येतं. रशियन अभ्यासकांनी शंभर वर्षांपूर्वी साहित्याच्या संदर्भात ‘फाबुला’ आणि ‘स्युझेत’ असे दोन शब्द वापरून हाच भेद केला होता. पुढे तो चित्रपटाच्या अभ्यासात रुळला.

पटकथा समजायला ‘पट’ हा शब्द पाहा. पट म्हणजे वस्त्र, पडदा. पटकथा म्हणजे पडद्यासाठी लिहिलेली कथा : कोणता प्रसंग कुठे, दिवसा की रात्री, काय दिसतं, काय ऐकू येतं. ‘आजीला वाड्याची आठवण आली’ हे कथेत चालतं, पटकथेत चालत नाही. तिथे लिहावं लागतं : आजी फ्लॅटच्या गॅलरीत उभी आहे, हात कठड्यावर, खाली पार्किंग.

दुसरा प्रतिसाद

वरचं पटलं, पण एक भर घालतो. मराठीच्या तासाला आम्ही कथानक शिकलो ते कार्यकारणभावावरून. ‘वाडा पाडला आणि आजी निघून गेली’ ही नुसती घटनांची रांग. ‘वाडा पाडला म्हणून आजी निघून गेली’ हे कथानक. क्रम उलटसुलट केला नाही तरीही ते कथानकच असतं. तेव्हा फक्त क्रमावर भर देऊ नये.

पहिल्या प्रतिसादकाकडून

बरोबर आहे, आणि माझ्या लिहिण्यात ते सुटलं होतं. ‘म्हणून’ हा धागा हवाच. चित्रपटात तो बहुतेक वेळा शब्दांत येत नाही, दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की प्रेक्षक तो आपणहून लावतो. त्यावरून ‘संकलन’ या शब्दाबद्दल लिहावंसं वाटतं, कारण मला तो फार आवडतो.

पुस्तकाचं किंवा वर्तमानपत्राचं होतं ते संपादन. चित्रपटाचं मात्र संकलन. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं, हे तर कापण्याचं काम, मग गोळा करण्याचा शब्द कशाला? कोल्हापुरात निघालेली प्रभात कंपनी १९३३ साली पुण्यात आली, त्या काळी संकलक खरोखरच कात्रीने फीत कापत आणि तुकडे चिकटवत. काम दोन्ही होतं. पण जुन्या संस्कृत गणितात संकलन म्हणजे बेरीज, आणि वजाबाकीला व्यवकलन. बेरीज हा अर्थ धरला की शब्द लखलखतो. दोन शॉट जोडले की दोहोंतही नसलेली तिसरी गोष्ट हाती येते.

रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्हचा प्रयोग यासाठीच सांगतात. १९२० च्या आसपासचा. एका नटाचा भावशून्य चेहरा, मग सूपचं भांडं. तोच चेहरा, मग शवपेटीतलं मूल. तोच चेहरा, मग एक स्त्री. लोकांना त्या एकाच चेहऱ्यावर भूक, दुःख आणि अभिलाषा दिसली म्हणतात. चेहरा बदललाच नव्हता, शेजार बदलला होता. आपल्या आजीच्या चेहऱ्यानंतर पार्किंग दाखवा, आणि दुसऱ्यांदा त्याच चेहऱ्यानंतर वाड्यातली विहीर दाखवा. करून बघा, फोनवरसुद्धा जमतं.

म्हणून टिपणात ‘संकलन वेगवान आहे’ एवढ्यावर थांबू नका. कशाला काय जोडलं आणि त्यातून काय निघालं, ते लिहा.

प्रश्नकर्ती

खूप आभार. आता दोन छोट्या शंका. ‘दृश्य’ म्हणजे शॉट की सीन? आणि आम्हाला जे लिहायला सांगतात त्याला कुणी रसग्रहण म्हणतं, कुणी परीक्षण, कुणी विश्लेषण.

तिसरा प्रतिसाद

‘दृश्य’ दोन्हींसाठी वापरलेला दिसतो आणि तिथेच घोटाळा होतो. मी शॉटला शॉटच म्हणते : कॅमेरा सुरू झाल्यापासून बंद होईपर्यंत, किंवा पडद्यावर एका कटपासून पुढच्या कटपर्यंत जे दिसतं ते. एका जागी, सलग वेळेत घडणारा भाग तो सीन. त्याला ‘प्रसंग’ हा चांगला शब्द आहे. एका प्रसंगात एक शॉट असेल किंवा चाळीस. नाटकवाल्यांचा ‘प्रवेश’ इथे आणू नये.

दुसऱ्या शंकेबद्दल : परीक्षण वर्तमानपत्रात येतं, ज्याने चित्रपट पाहिला नाही त्याच्यासाठी. बघावा की नाही हे त्यावरून ठरतं, म्हणून शेवट फोडत नाहीत. विश्लेषण पाहिलेल्यासाठी असतं, शेवट त्यात यायलाच हवा. रसग्रहण हा शब्द दहावीच्या कवितेमुळे आपल्याला ‘चांगलं तेवढं सांगा’ असा वाटायला लागलाय, हे मला मनापासून खटकतं. रस घ्यायचा तर आधी बारकाईने बघायला हवं. लॉ कॉलेज रोडवर फिल्म इन्स्टिट्यूट आणि फिल्म अर्काइव्ह मिळून उन्हाळ्यात रसास्वादाचा वर्ग घेत आले आहेत. मी तिथे बसले तेव्हा एकच प्रसंग पुनःपुन्हा दाखवत. तिसऱ्या वेळी मला दाराबाहेरचा आवाज ऐकू आला, जो पहिल्या दोन वेळा कानावर पडूनही ऐकला नव्हता. विश्लेषण आणि रसग्रहण मला तरी वेगळं काढता येत नाही.

तुमच्या मॅडमना बहुधा विश्लेषण हवंय. एकदा विचारून घ्या.

प्रश्नकर्ती

विचारलं. विश्लेषणच. मी टिपण पुन्हा लिहायला घेतलंय. एकच अडलंय : फ्लॅशबॅकला ‘आठवण’ म्हटलं तर चालेल का?

पहिल्या प्रतिसादकाकडून

सरसकट नको. आठवण कुणाची तरी असते. वाड्यातले दिवस आजीच्या चेहऱ्यावरून सुरू झाले तर ती तिची आठवण. मुलाच्या चेहऱ्यावरून सुरू झाले तर त्याची, आणि मग त्यात मुलाला ठाऊक नसलेलं काही दिसता कामा नये. दोघंही समोर नसताना चित्रपटच आपल्याला मागे घेऊन गेला, तर ती कुणाचीच आठवण नाही, तो कथानकाचा क्रम आहे. तेव्हा ‘फ्लॅशबॅक’ तसाच ठेवा, आणि तो कुणाच्या चेहऱ्यावरून सुरू होतो ते पुढच्याच वाक्यात लिहा.