वादळात गेलेली नारळ-सुपारीची वाडी पुन्हा तशीच लावावी का?

पोफळी:
परवा शेजारच्या आगरात जेसीबी लागला. निसर्ग वादळात त्यांच्या दीडशे पोफळींतल्या, म्हणजे सुपारीच्या झाडांतल्या, अकरा उरल्या होत्या, त्याही काढल्या. तिथे पर्यटकांसाठी चार खोल्या होणार आहेत. जमीन त्यांची, निर्णय त्यांचा. पण "वाडीत आता काय राम राहिलाय" हे श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात इतक्या जणांच्या तोंडून ऐकलंय की आज लिहायला बसले. माझं मत असं की वाडी पुन्हा लावायलाच हवी, आणि ती मिश्रच हवी. माड, पोफळ, जायफळ, मिरी, केळ, सगळं एकत्र.

३ जून २०२० ला दुपारी वादळ किनाऱ्यावर आलं तेव्हा वारा ताशी ११०-१२० किलोमीटरचा होता. आमची वाडी अठरा गुंठ्यांची, पोफळी १६०. पोफळ पडताना आधी शेंडा गोल फिरायचा आणि मग खोड मधूनच पिळवटून तुटायचं. वाऱ्याच्या आवाजात तुटल्याचं ऐकूही येत नव्हतं, नुसतं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मागच्या पडवीतून समुद्र दिसला. लग्न होऊन आले तेव्हापासून तो तिथून कधी दिसला नव्हता. सासूबाई बराच वेळ तिकडे पाठ करून बसल्या होत्या.

त्या दिवशी ९६ पोफळी गेल्या. पण खरं सांगायचंय ते पुढचं. उरलेल्या ६४ पैकी २७ पुढच्या दोन वर्षांत गेल्या, वादळ नसताना. पश्चिमेकडची सावली गेली आणि दुपारनंतरचं ऊन थेट खोडावर यायला लागलं. खोडाची ती बाजू आधी पिवळी, मग तपकिरी झाली, मग उभी चीर पडली. अशी भाजलेली पोफळ साध्या पावसाळी वाऱ्यातही मोडते. म्हणून म्हणते, वाडीतलं झाड एकेकटं मोजू नका. एक गेलं की त्याच्या सावलीतलं दुसरं जातं, आणि लावताना हाच क्रम उलटा धरावा लागतो. आम्ही पश्चिमेला आधी केळी लावल्या आणि त्यांच्या सावलीत पोफळीची रोपं. यंदा त्यातल्या काहींना पहिली पोय, म्हणजे फुलोरा, आली.

कातळावरचा:
ताई, तुमच्या पोफळींना पोय आली याचा मनापासून आनंद आहे. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही.

मी दापोली तालुक्यातला. फयान वादळ २००९ मध्ये आलं, निसर्ग २०२० मध्ये, आणि त्यानंतर वर्षही झालं नव्हतं तोवर मे २०२१ मध्ये तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. पोफळीला फळ धरायला पाच-सात वर्षं लागतात, बाणवली या उंच जातीच्या माडाला सहा-सात. माझं वय ६१. पुढचं वादळ कधी येईल ते मला माहीत नाही, पण झाड धरण्याआधी येणारच नाही असं समजून मी पैसा घालू शकत नाही.

मदतीचंही बघा. निसर्गच्या वेळी फळबागेला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. पोफळी २.७ मीटरवर लावतात, गुंठ्यात तेरा-चौदा बसतात. वीस-पंचवीस वर्षांच्या झाडाला चाळीस रुपयेही पडले नाहीत. त्यात सातबारावर नऊ नावं, पाच जण मुंबईत, तेव्हा टाळेबंदी. सह्या गोळा करण्यातच पावसाळा गेला. आणि नारळ उतरवणारा पाडेली कुठे मिळतो आता? माडावर चढायला माणूस नाही, शिंपण्याला माणूस नाही.

मी जमीन विकणार नाही, खोल्याही बांधणार नाही. पण उंच झाड पुन्हा लावणार नाही. केळी, पपई, भाजी, आणि छाटून बुटकी ठेवलेली आंब्याची कलमं. वारा आला तर एका हंगामाचं नुकसान होईल, पण उभा जन्म जाणार नाही.

मुंबईकर पुतण्या:
आमच्या गावच्या घरावर माड पडला. आजी माजघरात होती, पडवीत असती तर आज नसती. माड घराला टेकूनच होता, पणजोबांनी लावलेला, म्हणून कोणी हात लावू दिला नाही. वाडी लावा किंवा लावू नका, पण झाड जेवढं उंच तेवढं अंतर घरापासून सोडा. यात भावनेला जागा नको.

भाट्येकर:
मी नारळात आयुष्य काढलंय, म्हणून दोघांनाही थोडं टोकतो.

पोफळीताई, मिश्र वाडी बरोबर, पण मिश्र म्हणजे दाट नव्हे. माडामाडांत २५ फूट हवेत. आपल्या जुन्या आगरांत बारा-पंधरा फुटांवर माड आहेत. ते उजेडासाठी धावतात, खोड बारीक राहतं आणि झाड लांबच लांब होतं. असे माड आधी गेले. माडाला सोटमूळ नसतं, सगळी तंतुमुळं, तेव्हा खड्डा मीटरभर खोल घेऊन रोप तळाशी लावायचं आणि खोड वाढेल तशी माती वर चढवायची. घाईत वरवर लावलेला माड मुळासकट आडवा होतो.

कातळावरच्या दादांना एवढंच की उंच झाडाला पर्याय फक्त पपई नाही. टी×डी जात, म्हणजे उंच आणि ठेंगू माडांचा संकर, चार-पाच वर्षांत धरते, आणि शहाळी हाताला येतील एवढ्या उंचीवर बरीच वर्षं राहते. पाडेल्याचा प्रश्न तेवढा काळ तरी मिटतो.

एक गोष्ट मात्र कोणीच बोललं नाही. वादळानंतर पडलेले ओंडके वाडीत तसेच कुजत ठेवले त्यांनी स्वतःच्याच नव्या रोपांचं वाटोळं केलं. कुजक्या माडात गेंड्या भुंगा अंडी घालतो. वर्ष-दीड वर्षात शेजारच्या माडांच्या झावळ्या कात्रीने त्रिकोणी कापल्यासारख्या दिसायला लागतात. त्या जखमांच्या वासावर सोंड्या भुंगा येतो, आणि तो आत शिरला की शेंडा मान टाकेपर्यंत कळत नाही. माडाला कोंब एकच, तो गेला की झाड गेलं. वादळाचं नुकसान मोजताना हे भुंग्याचं नुकसान कोणी धरत नाही, आणि ते टाळता येण्यासारखं असतं.

गुहागरची लेक:
आंब्याबद्दल लिहिते. आमची सात कलमं आडवी झाली होती, तोडा असंच सगळे म्हणत होते. बाबांनी फांद्या निम्म्याहून जास्त छाटल्या, उघडी मुळं ओल्या गोणपाटाखाली झाकली, चेनपुलीने हळूहळू उभी केली, कापांना मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट लावली. चार जगली. पण एक पाहिलं. पिशवीतली आणून लावलेली सगळी पडली. जागेवरच बाठा रुजवून त्यावर बांधलेली दोन कलमं हललीसुद्धा नाहीत, कारण त्यांचं सोटमूळ पिशवीत गुंडाळलं गेलं नव्हतं. बुटकी कलमं लावणाऱ्यांनी हे आधी बघावं. नुसती उंची कमी करून झाड तगत नाही.

पोफळी:
भाट्येकर, दाटीबद्दल तुमचं मान्य. आमचेही माड जवळ होते, आता २५ फुटांवर घेतलेत आणि मधल्या जागेत जायफळ. ओंडक्यांबद्दल तर अगदी खरं. आम्ही ते दिवाळीपर्यंत ठेवले होते, माणसं मिळत नव्हती, आणि त्याची किंमत तीन रोपांनी दिली.

पुतण्या, घरावर झुकलेला एक माड आम्हीही काढला. सासूबाईंनी स्वतः सांगितलं.

पण दादा, तुमचा हिशेब मला तिथेच अडतो जिथे तुम्ही जमीन उघडी ठेवता. केळी आणि पपई तर आधी आडव्या होतात, आणि त्यांना सांभाळणारं कोण असतं? किनाऱ्याकडच्या बाजूला आमच्याकडे उंडीच्या जुन्या झाडांची रांग होती. तिच्यामागच्या पोफळी सगळ्यात जास्त टिकल्या. शेजारी चिऱ्याची उंच भिंत होती, तिच्यामागे मात्र धूळधाण, आणि भिंतही पडली. झाडांची रांग थोडा वारा गाळून सोडते. भिंत अडवते, आणि मग तोच वारा वरून उलटा आपटतो. ही रांग मोठी व्हायला वेळ लागतो हे खरं, पण पपईच लावायची ठरवलीत तरी ती लागेलच.

गुंठ्याचा हिशेब तुम्ही मांडलात तो शंभर टक्के बरोबर, त्यासाठी आपण एकत्र ओरडायला हवं. आगराचं नुकसान हेक्टरने नाही, झाडाने आणि झाडाच्या वयाने मोजलं पाहिजे. पण मदत तुटपुंजी मिळते म्हणून वाडीच मोडायची हे मला मान्य नाही.

कातळावरचा:
केळी आधी पडतात हे खरं. पण त्या नऊ महिन्यांत पुन्हा उभ्या राहतात, माझ्या हयातीत. तुमच्या घरात पुढची पिढी वाडीत उतरते, माझा मुलगा पुण्यात आहे आणि तो येणार नाही. हा फरक झाडांचा नाही, माणसांचा आहे, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

मुंबईकर पुतण्या:
काका, मी ३२ वर्षांचा आहे आणि यायचं म्हणतोय. आमच्या सहा गुंठ्यांत २०२० पासून नुसतं गवत आहे. सुरुवात कुठून करू?

पोफळी:
आधी मेलेले बुंधे काढ आणि खणून त्यात अळ्या आहेत का बघ. पांढऱ्या, जाड, इंग्रजी सी सारख्या वळलेल्या असतात. मग समुद्राच्या बाजूला उंडी आणि करंज, आणि पहिल्याच पावसात पश्चिमेला केळी. पोफळीची घाई करू नकोस, ती पुढच्या वर्षी.

कातळावरचा:
पोफळींबद्दल माझं मत तेच आहे. पण ताई, उंडीची दहा रोपं माझ्यासाठी ठेवा. जूनच्या आधी येऊन घेऊन जातो.