रेडियल अँजिओनंतर बँडमध्ये हवा किती ठेवायची?

सीसीयू_सिस्टर:
मनगटातल्या रेडियल धमनीतून (अंगठ्याच्या बाजूची) अँजिओ झाली की आमच्याकडे भोक दाबणाऱ्या बँडमध्ये सरसकट 15 मिली हवा भरतात आणि तो 4 तास तसाच ठेवतात. रक्त येत नाही, नाडी लागते, सॅच्युरेशन 98. तरी नंतरच्या डॉप्लरमध्ये (रक्तप्रवाहाची सोनोग्राफी) काहींची रेडियल बंद निघते. चुकतंय कुठे?

मनगटवाला:
सिस्टर, ते 98 अल्नरच्या (करंगळीकडच्या धमनीच्या) जिवावर येतं. तळहातातल्या कमानीतून रक्त उलटं फिरतं, म्हणून रेडियल बंद असली तरी नाडीसुद्धा हाताला लागते. सॅच्युरेशनचा प्रोब अंगठ्याला किंवा तर्जनीला लावा आणि मनगटाशी अल्नर दाबून धरा. मॉनिटरवरची लाट सपाट झाली, तर बँड जास्त आवळलाय. लाट परत येईपर्यंत हवा सोडा.

बँड लावतानाच शीथ (धमनीत घातलेली नळी) काढल्यावर हवा हळूहळू कमी करायची. छिद्रातून रक्ताचा थेंब दिसला की 1-2 मिली परत भरायची, बस. बँडवरची हिरवी खूण त्वचेवरच्या छिद्रापेक्षा किंचित कोपराच्या बाजूला हवी. सुई तिरकी जाते, त्यामुळे धमनीतलं भोक वर असतं. 2008 च्या प्रॉफेट अभ्यासात (436 रुग्ण) असा प्रवाह चालू ठेवून दाबल्यावर 24 तासांनी बंद धमन्यांचं प्रमाण 12 टक्क्यांवरून 5 वर आलं, 30 दिवसांनी 7 वरून 1.8 वर.

हिपॅरिन_आधी:
बँडइतकाच हिपॅरिनचाही (रक्त गोठू न देणारं औषध) वाटा आहे. नुसती डायग्नोस्टिक (तपासणीपुरती) अँजिओ म्हणून डोस हात आखडून दिला जातो. स्पिरिट ऑफ आर्टेमिस अभ्यासात वजनाच्या किलोमागे 100 युनिटला 3 टक्के बंद झाल्या, 50 युनिटला 8.1. चार तास मात्र उगाच. साध्या अँजिओला 2 तासांच्या आत हवा काढायला सुरुवात करा: दर 15 मिनिटांनी 2-3 मिली. थेंब आलाच तर तेवढीच परत भरा. आणि बँडची सिरिंज रुग्णासोबतच वॉर्डात पाठवा. साधी सिरिंज त्या व्हॉल्व्हला बसत नाही, मग रात्री धावपळ.

सीसीयू_सिस्टर:
बँड काढल्यावर लाट सपाटच आली तर?

मनगटवाला:
लगेच डॉक्टरांना कळवा. त्यांनी सांगितलं तर अल्नरवर तासभर दाब द्यायचा. रेडियलमधला प्रवाह वाढून ताजी गुठळी बऱ्याचदा सुटते. हे पहिल्या काही तासांतलं काम, दुसऱ्या दिवशी फारसा उपयोग नाही. त्या तासात प्रोब बोटावरच ठेवा. बोटं गार पडली किंवा दंडाखालचा भाग टणक, ताणलेला लागला, तर ती वेगळी गोष्ट: हाताचा रक्तपुरवठा तुटतोय किंवा आत रक्तस्राव होतोय. तिथे वाट बघायची नाही.

हिपॅरिन_आधी:
डायलिसिसच्या वाटेवरचे किडनीचे रुग्ण असतील तर रेडियल वापरायची का, ते आधीच विचारा. फिस्टुलासाठी (डायलिसिसकरता धमनी-शीर जोडतात ती) तीच धमनी लागणार असते.