पार्किन्सन्ससोबत हिंडतं-फिरतं राहणं : आपापल्या युक्त्या लिहा

आज दुकानाच्या दारात एक आजोबा थिजलेले दिसले (पार्किन्सन्स या मेंदूच्या आजारात चालताचालता पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडतात ना, तसे), मुलगा "चला ना" म्हणत हात ओढत होता. जुनं सगळं वर आलं, म्हणून धागा. ओढू नका हो! अंग पुढे जातं, पाय तिथेच, माणूस तोंडावर पडतो. आधी पूर्ण थांबायचं. वजन डावी-उजवीकडे दोनतीनदा झुलवायचं, मग "एक" म्हणून टाच आधी टेकेल असं लांब पाऊल. जागच्या जागी गिरकी नको, बैलगाडी वळते तसं ऐसपैस वळायचं.

सुपारी : दाराशी एकेक ओलांडत चालायला आडव्या पट्ट्या चिकटवा, पावलाच्या अंतराने, साधारण दीड फूट. पांढऱ्या फरशीवर गडद रंग.

मेथीलाडू : वायरमनची काळी टेप नको. कडा उचलते आणि तीच पायात येते.

सुपारी : किंवा बोका सोलतो. हाहा

नाना६७ : चालताना बोलायला लावू नका, हातात ताट तर नाहीच. ताल धरा. ज्ञानबा-तुकाराम झकास बसतो.

मेथीलाडू : नाना, यंदा वारी मग? दिवे घाट?

नाना६७ : घाट तुम्ही चढा, मी सासवडला गाडीने.

कुंदा : घाईत लिहितेय, कुकर लावलाय. लेवोडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची मुख्य गोळी, जेवणाआधी अर्धा तास किंवा नंतर तासाभराने. डाळ-पनीर-अंड्यातली प्रथिनं आतड्यात तिची वाट अडवतात, मग दुपारी "गोळी लागलीच नाही". मळमळलं तर दोन मारी बिस्किटं चालतात. लोहाची गोळी निदान दोन तास लांब. सीआर गोळी कुटायची नाही, हळूहळू सुटणारं औषध एकदम सुटतं.

नाना६७ : चक्कर-उलटीची गोळी परस्पर आणू नका. सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, प्रोक्लोरपेराझिन, तिन्ही मेंदूत डोपामिनचं (हालचाली सुरळीत ठेवणारं रसायन) काम अडवतात, कंप-ताठरपणा वाढतो. डॉक्टर बहुधा डॉम्पेरिडोन देतात, पण हृदयाचा त्रास असेल तर आधी सांगा. खाजकुइलीचं चूर्ण चालू असेल तर तेही सांगा, त्यातही लेवोडोपाच असतो.

सुपारी : अक्षर मुंगीएवढं होतं त्याला काय?

मेथीलाडू : दुरेघी वही! पहिलीतली. दोन्ही रेघांना टेकवून लिहायचं.

कुंदा : कूस वळत नसेल तर साटीनचा तुकडा फक्त कमरेखाली घाला. अख्खी चादर साटीनची केली तर उठताना घसरायला होतं. शिट्टी झाली, पळते.

सुपारी : कोणतं साटीन, अस्तराचं चालेल?