विषय: जूनमध्ये सेंट पीटर्सबर्ग, सासूबाई सोबत आहेत, सल्ला हवाय

नमस्कार मंडळी,

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात आम्ही चौघं दुबईहून सेंट पीटर्सबर्गला निघालोय. ई-व्हिसा आलाय, हॉटेल वासिल्येव्स्की बेटावर मिळालंय. सासूबाई ७४ वर्षांच्या, अंडंसुद्धा खात नाहीत. नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका रशियन सहकाऱ्याच्या आईवडिलांनी आम्हाला घरी जेवायला बोलावलंय. काय न्यायचं, कसं वागायचं, काही कळत नाहीये. तिथे कुणी राहून आलंय का?

---

अगं, मी सहा वर्षं राहिलेय. १९९१च्या शेवटी मेडिकलला गेले, तेव्हा शहराचं नाव लेनिनग्राडचं पुन्हा पीटर्सबर्ग होऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अजूनही अधूनमधून जाते.

आधी पैशांचं बघ. आपली व्हिसा, मास्टरकार्डची कार्डं तिथे २०२२ पासून चालत नाहीत, एटीएममध्येही नाही. पुरेसे डॉलर रोख ने आणि नोटा कोऱ्या करकरीत ने. मोबाईलचं इंटरनेट कधीही जातं, म्हणून नकाशा आधीच उतरवून घे आणि हॉटेलचा पत्ता रशियन लिपीत कागदावर लिहून प्रत्येकाच्या खिशात ठेव, सासूबाईंच्या पर्समध्येही.

तुमचं हॉटेल बेटावर आहे, हे विसरू नका. उन्हाळ्यात रात्री एकनंतर जहाजांसाठी नेवा नदीवरचे पूल उचलतात, मेट्रोही मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. पूल उघडताना जरूर बघा, पण आपल्या बेटाच्या काठावरून. पलीकडे राहिलात तर पहाटेपर्यंत सासूबाईंना घेऊन कुठे बसणार? जूनमध्ये सूर्यच रात्री साडेदहाच्या आसपास मावळतो आणि त्यानंतरही अंधार असा पडतच नाही. सासूबाई दिवेलागणीला दिवा लावत असतील तर घड्याळ बघूनच लावावा लागेल. खोलीला जाड पडदे आहेत ना, तेवढं विचारून घे.

हर्मिटाज म्युझियमजवळचं अद्मिराल्तेयस्काया मेट्रो स्टेशन ८६ मीटर खोल आहे. सरकते जिने लांबलचक आणि वेगवान. उजवीकडे उभं राहायचं, डावी बाजू घाईतल्यांना मोकळी सोडायची. डब्यात सासूबाईंना बघून कुणी ना कुणी उठेलच. तेव्हा आपल्यासारखं 'असू दे, असू दे' करू नका. 'स्पासिबा' म्हणून बसायचं. चेहऱ्यावर हसू नसलं म्हणजे माणूस रागावलाय असं समजू नका. ओळख नसताना हसण्याची तिथे पद्धत नाही, पण रस्ता विचारलात तर कोपऱ्यापर्यंत सोडायला येतील.

सगळ्यांच्या जॅकेटना मानेशी आतून लूप आहे का बघ, नसेल तर आजच शिवून टाक. म्युझियममध्ये, नाट्यगृहात कोट बाहेर 'गार्देरोब'मध्ये ठेवावा लागतो आणि तिथल्या आजीबाई त्या लूपनेच तो खुंटीला अडकवतात. माझा तुटलेला होता. आजीबाईंनी मला चांगलं झापलं आणि मग स्वतःच्या डबीतली सुई काढून शिवून दिला. हर्मिटाज सोमवारी बंद असतं.

जेवणाचं म्हणशील तर नुसतं 'शाकाहारी' सांगून भागत नाही, बोर्श्ट म्हणजे बिटाचं सूप, तेसुद्धा बहुतेक वेळा मांसाच्या पाण्यात शिजलेलं असतं. 'बेझ म्यासा, बेझ रिबी, बेझ बुल्योना' (मांस नको, मासे नको, मांसाचं पाणी नको) एवढं पाठ कर. जॉर्जियन हॉटेलांत राजम्याचं लोबिओ मिळतं, सासूबाईंना नक्की आवडेल. ग्रेच्का म्हणजे आपल्याकडे उत्तरेत उपवासाला खातात तो कुट्टू, लोणी घालून मोकळा शिजवलेला. सिर्निकी म्हणजे पनीरसारख्या चीजच्या तळलेल्या टिक्क्या, त्यांत अंडं असतं.

आता त्या घरचं. फुलं न्या, पण विषम संख्येत, पाच किंवा सात. सम संख्येची फुलं मयताला. उंबऱ्यावरून हात मिळवायचा नाही, आत जाऊन मिळवायचा. चपला दारातच काढायच्या, त्या लोकांच्या 'तापच्की', म्हणजे घरात घालायच्या सपाता, पुढे येतील, त्या घालायच्या. आणि पानात पाव टाकायचा नाही. लागेल तेवढाच घ्यायचा, एक तुकडा घेतला तर तो संपवायचा.

हे मी कळकळीनं सांगतेय. मी ज्या आजींकडे खोली घेऊन राहायचे, त्या दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने लेनिनग्राडला घातलेल्या वेढ्याच्या वेळी सात वर्षांच्या होत्या. ८ सप्टेंबर १९४१ ते २७ जानेवारी १९४४, ८७२ दिवस. पहिल्या हिवाळ्यात मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव, त्यातही भेसळ. पाव कापून झाला की आजी टेबलावरचा चुरा हाताच्या कडेने गोळा करायच्या, तळव्यावर घ्यायच्या आणि खाऊन टाकायच्या. बोलत असल्या तरी हात चालूच. एकदा मी शिळा पाव कचऱ्यात टाकला. काही बोलल्या नाहीत, पण संध्याकाळभर खोलीचं दार लावून बसल्या. माझी आई म्हणायची, खाऊन माजावं, टाकून माजू नये. त्या दिवशी त्यातलं टाकणं मला कळलं.

---

काकू, लूप शिवायला काढलेत. सासूबाईंना तुमचं मेल वाचून दाखवलं. त्या म्हणतात, त्या लोकांची आठवण जिथे आहे तिथे मला न्या. कुठे जाऊ?

---

पिस्कार्योव्स्कोये स्मशानभूमीत जा. जवळपास ४ लाख ९० हजार माणसं तिथे आहेत. नावं नाहीत, लांबच लांब हिरवे चौथरे आणि प्रत्येकावर दगडात साल कोरलेलं. आजींचा मोठा भाऊ '१९४२' लिहिलेल्या चौथऱ्यांपैकी एकात आहे, कुठल्या ते त्यांनाही कधी कळलं नाही. दर वर्षी त्या वेगळ्या चौथऱ्याशी थांबायच्या. तिथे फुलं सम संख्येत, दोन कार्नेशन पुरतात. लोक पावाचा तुकडाही ठेवतात. सासूबाईंना एक तुकडा माझ्या वतीने ठेवायला सांगशील?