घोडी माजावर येते पण लागत नाही (गाभण राहत नाही), काय करावं?

माणदेशी_पागा (३ मार्च)
नमस्कार मंडळी. माझ्याकडे मारवाडी घोडी आहे, सहा वर्षांची, पंचकल्याणी (चारही पाय आणि कपाळ पांढरं), दीड वर्षापूर्वी सारंगखेड्याच्या बाजारातून आणली. जानेवारीच्या शेवटी माजावर आली, म्हणजे शेपूट वर, सारखं थोडं थोडं मुतणं, घोडा दिसला की मागचे पाय फाकवून उभी. टेम्पोत घालून नेली आणि दोनदा घोडा लावला. माज उतरेचना, १२-१३ दिवस तेच चाललं, मग थंड पडली, आठ दिवसांनी परत सुरू, परत नेली. टेम्पोभाडं आणि घोड्याचे पैसे धरून बरेच गेलेत. इकडच्या एकाने मधे इंजेक्शन दिलं, म्हणाला पाच दिवसात ताजा माज येईल, काही फरक नाही. घरातले म्हणतात वांझ आहे, विकून टाक. शेजारचे म्हणतात चंदी (दाणा) कमी कर, अंगाने भरलेली घोडी लागत नाही. मला शिंगरू करून डिसेंबरच्या बाजारात न्यायचंय म्हणून जीव वरखाली होतोय. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

फिरता_पशुवैद्य
दादा, विकायचं आधी डोक्यातून काढा. तुम्ही लिहिलंय ते वांझपणाचं लक्षण वाटत नाही, जानेवारी-फेब्रुवारीचं लक्षण वाटतंय.

घोडी गाईसारखी बारमाही नसते. दिवस मोठा होत गेला की तिची पाळी चालू होते, लहान झाला की बहुतेक घोड्यांची बंद. अंधारात मेंदूतली एक ग्रंथी मेलाटोनिन सोडते, रात्र मोठी तर मेलाटोनिन जास्त वेळ, आणि घोडीत ते मेंदूतून येणारं जीएनआरएच, म्हणजे पाळी चालू करणारं हॉर्मोन, दाबून ठेवतं. गंमत म्हणजे हेच मेलाटोनिन मेंढीत उलटं काम करतं, थंड मुलखातल्या मेंढ्या दिवस लहान व्हायला लागले की माजावर येतात. मेंढीचे गाभणपणाचे दिवस पाच महिने, घोडीचे अकरा, दोघींची पिल्लं मात्र गवत फुटायच्या वेळेलाच जमिनीवर येतात.

आता तुमचा मुद्दा. हिवाळा संपताना गाडी एकदम चालू होत नाही, दोन-तीन महिने धक्के खाते. आधी एफएसएच नावाचं हॉर्मोन जागं होतं त्यामुळे अंडाशयावर फॉलिकल (बीज असलेल्या पाण्याच्या पिशव्या) वाढतात, त्यांच्यातून इस्ट्रोजेन येतं आणि घोडी माज दाखवते, पण फॉलिकल फुटून बीज सुटायला लागतं ते एलएच हे दुसरं हॉर्मोन, आणि ते अजून पुरेसं नसतं. म्हणून फॉलिकल मोठं होतं, जिरतं, दुसरं येतं, आणि घोडी दहा-पंधरा दिवस शेपूट वर करून उभी. बीज सुटतच नाही तर लागणार काय! नीट पाळीत २१-२२ दिवसांचा फेरा असतो, त्यात माज पाच-सात दिवस, आणि बीज सुटतं ते माज संपायच्या एक-दोन दिवस आधी.

ते इंजेक्शन बहुधा प्रोस्टाग्लॅंडिन असेल. ते पीतपिंडाला, म्हणजे बीज सुटल्यावर त्या जागी तयार होणाऱ्या गाठीला, मारतं. बीजच सुटलं नाही तर पीतपिंड नाही, मग इंजेक्शन मारणार कुणाला? औषध खोटं नव्हतं, वेळ चुकली.

आता घोडा बंद ठेवा आणि मार्चच्या शेवटी सोनोग्राफी करा. फॉलिकल ३५ मिलिमीटरच्या वर गेलं, गर्भाशयाला माजातली सूज दिसली, तर एचसीजी (एलएचचं काम करणारं इंजेक्शन) देता येतं, साधारण ३६ ते ४८ तासात बीज सुटतं. पण हे सगळं डॉक्टर समोर असताना, वाचून नाही. आणि चंदी कमी करू नका!! फासळ्या दिसणारी घोडी उशिरा चालू होते. फासळ्या दिसू नयेत पण हाताला लागाव्यात, एवढी भरलेली हवी.

तबेला_पुणे
डॉक्टरांशी सहमत. मी पुण्याजवळच्या एका स्टडवर (घोड्यांच्या पैदास केंद्रावर) बरीच वर्षं सुपरवायझर होतो, थरोब्रेड म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या. तिथे सगळी धडपड तारखेची, कारण शर्यतीच्या घोड्याचा वाढदिवस सरकारी, १ जानेवारी. २८ डिसेंबरला जन्मला तर चार दिवसात कागदावर एक वर्षाचा, मग पुढे आयुष्यभर आपल्यापेक्षा वर्षाने मोठ्यांशी पळायचं. म्हणून फेब्रुवारीच्या मध्यात घोडी लावायची म्हणजे शिंगरू पुढच्या जानेवारीत. पण निसर्गाने तर घोडीला एप्रिल-मे दिलाय, मग लाईट.

आम्ही १ डिसेंबरपासून संध्याकाळी ट्यूब चालू ठेवायचो. पुण्यात तेव्हा सहाला मावळतं, अकरापर्यंत उजेड, सकाळी सातला उजाडतं, झाले १६ तास. तबेल्याच्या कुठल्याही कोपऱ्यात उभं राहून पेपर वाचता आला पाहिजे, एवढा उजेड पुरे. ६०-७० दिवस लागतात. नवीन पोरं पहाटे चारला लाईट लावून मोकळी व्हायची, त्याचा उपयोग नाही, उजेड संध्याकाळच्या शेपटालाच जोडायला लागतो. आणि रात्रभर लाईट ठेवला तर अजून लवकर होईल असं नाही, अंधारही हवाच तिला. जमतंय की नाही ते आधी खरारा करताना कळतं, हिवाळ्याचे केस हातात येऊ लागतात. हल्ली निळा उजेड टाकणारे मुखवटे पण निघालेत, एकाच डोळ्यावर, घोडी बाहेर कुरणात असली तरी चालतं.

पण तुम्हाला याची गरजच काय? मारवाडीला १ जानेवारीचं कुठे बंधन आहे.

तापीकाठ
सगळं खरं असेल पण एक विचारतो. आमच्या आजोबांनी कधी बल्ब लावला नाही, आमच्या घोड्या दिवाळीच्या आसपास पण माजावर आलेल्या मी बघितल्यात आणि लागल्या पण. पाऊस चांगला झाला, हिरवा चारा पोटभर मिळाला की घोडी येते, एवढंच आम्हाला माहीत. हे उजेडाचं विलायतेतलं इथे कशाला लावता?

फिरता_पशुवैद्य
@तापीकाठ काका, तुमचं बघणं चूक नाही. इंग्लंडात हिवाळ्यातला दिवस आठ तासांच्याही आत आणि उन्हाळ्यातला साडेसोळाच्या पुढे. आपल्याकडे पुण्याचा धरला तर ११ तास ते सव्वातेरा. दोन-सव्वादोन तासांचाच फरक, त्यामुळे आपल्याकडे काही घोड्या वर्षभर पाळीत राहतात, आणि अंगावर मांस असेल तर जास्तच. चारा आणि उजेड दोन्ही चालतं, भांडण नाही. पण प्रश्न विचारणाऱ्याच्या घोडीने लांबलेला माज दाखवलाय, म्हणून तिचं हिवाळ्यात बंद पडलं होतं असं मी धरतोय. दिवाळीला लागली तर शिंगरू पुढच्या आश्विनात, वाईट नाही.

कोल्हापुरी_सिडनीत
इथे ऑस्ट्रेलियात सगळं उलटं, घोड्यांचा वाढदिवस १ ऑगस्ट आणि घोड्या लावायचा सीझन सप्टेंबरला सुरू, म्हणजे लाईट जूनच्या शेवटाकडे. काही पैदाशीचे घोडे तर युरोपातला सीझन संपवून विमानाने इकडे येतात, वर्षात दोन वसंत भोगतात. नवरदेवांची मजा आहे बाबा.

माणदेशी_पागा (१९ एप्रिल)
उशिरा लिहितोय, माफी. घरी सगळ्यांना वाचून दाखवलं. चंदी चालू ठेवली, उलट हरभरा थोडा वाढवला. घोडा पूर्ण बंद. २८ मार्चला तालुक्याहून डॉक्टर मशीन घेऊन आले, डावीकडे ३८ चं फॉलिकल, म्हणाले आज इंजेक्शन, उद्या घोडा. नेली. चौथ्या दिवशी घोडा दाखवला तर लाथ मारली, म्हणजे माज उतरला, इतका आनंद मला लाथेचा कधी झाला नव्हता. पंधराव्या दिवशी परत सोनोग्राफी, एकच गोळी दिसली, जुळं नाही. हिशोब केला तर शिंगरू मार्चच्या सुरुवातीला, म्हणजे डिसेंबरच्या बाजाराला नऊ महिन्यांचं. उगाच जानेवारीपासून पळत होतो. आता पुढे काय काळजी घेऊ?

फिरता_पशुवैद्य
अभिनंदन. २८ दिवसांच्या आसपास एकदा सोनोग्राफीत बघून घ्या, गर्भाच्या हृदयाचे ठोके दिसतात. तोपर्यंत टेम्पोतून लांब नेऊ नका, मे तोंडावर आहे, सावलीत ठेवा. आणि भिंतीवर तारीख लिहा, कारण ३५ दिवसांनंतर गर्भ पडला तरी गर्भाशयातले कप (गर्भाच्या पेशींनी तयार झालेल्या वाटीसारख्या गाठी) मागे राहतात आणि गाभणपणाचं हॉर्मोन सोडत राहतात, घोडी तीन-चार महिने होईपर्यंत धड माजावर येत नाही. तेव्हा माज नाही म्हणजे गाभण आहेच असं धरून बसू नका, शंका आली की मशीन लावा.