वीकेंडला रेडिओचं सॉफ्टवेअर लिहून देणाऱ्यांनो, आधी आमची वही उघडून बघा

फेडरवाली:
परवा इथे एका महाशयांनी लिहिलंय की कम्युनिटी रेडिओवाले, म्हणजे आमच्यासारखी गावातल्या लोकांनीच चालवलेली छोटी स्टेशनं, अजून वहीत गाणी लिहितात, हा शुद्ध आळस आहे, प्लेलिस्ट लॉग आणि शेड्यूलिंगचं वेब अ‍ॅप मी एका वीकेंडला लिहून देतो. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितेय.

शेड्यूल म्हणजे काय वाजणार होतं आणि लॉग म्हणजे काय वाजलं. या दोन्हींच्या मध्ये लाइट जाते, ग्रामसेवकांची दहा मिनिटांची मुलाखत पंचवीस मिनिटं चालते, आरजे वैतागून दोन गाणी उडवते. आम्हाला एकाने असंच अ‍ॅप करून दिलेलं, ते रात्री शेड्यूलच लॉग म्हणून छापायचं! म्हणजे जे वाजलंच नाही त्याची नोंद आणि जे वाजलं ते गायब. परवान्याच्या अटीत 3 महिन्यांचं रेकॉर्डिंग ठेवायचं, निम्मा तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून हवा, जाहिराती तासाला 12 मिनिटांच्या आत (2024 च्या आधी 7 होत्या). उद्या कोणी विचारलं तर काय दाखवू, आमची इच्छा काय होती ते? आणि सगळं क्लाउडवर. 100 वॉटचा ट्रान्समीटर इन्व्हर्टरवर चालू, गावात रेडिओ लागलाय, आणि स्टुडिओत आम्ही गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलोय कारण नेट गेलंय. वही अशी फिरत बसत नाही.

अर्धविराम:
महाशय मीच. वीकेंड ही बोलायची पद्धत असते हो, लगेच स्टॅम्प पेपरवर घेऊ नका. तुमच्या अ‍ॅपवाल्याने माती खाल्ली याचा अर्थ वेबच वाईट असा होत नाही. वेब म्हणजे क्लाउड हे तुम्हाला कोणी सांगितलं? लिब्रेटाइम, अझुराकास्ट ही रेडिओ स्टेशन चालवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकट आहेत, स्टुडिओतल्याच जुन्या पीसीवर लिनक्स टाकून बसवता येतात, ब्राउझर फक्त तोंड, एकदा बसवलं की नेट लागतच नाही. काय वाजलं त्याची हिस्ट्री आपोआप साठते. ग्रामवाणी नावाच्या कंपनीने तर ग्रिन्स नावाचं सॉफ्टवेअर खास आपल्याकडच्या कम्युनिटी रेडिओसाठीच केलं होतं. तुमच्या वहीतून पावसाळ्यात भक्तिगीतं किती आणि लावण्या किती हे काढून दाखवा की मग.

जुना ड्यूटी ऑफिसर:
आकाशवाणीत फिक्स्ड पॉइंट चार्ट, म्हणजे ठरलेल्या कार्यक्रमांचा तक्ता, वेगळा, त्या दिवशी कधी काय लावायचं ती क्यू शीट वेगळी आणि ड्यूटी रूमचं लॉगबुक वेगळं. हे तीन कागद उगाच नव्हते. ड्यूटी ऑफिसर कानाने ऐकून लिहायचा. मशीन स्वतःचं स्वतः लिहिणार असेल तर त्याला लॉग म्हणू नये.

अर्धविराम:
काका, सायलेन्स डिटेक्टर नावाची गोष्ट असते, काही सेकंद आवाज नसला की अलार्म वाजतो.

जुना ड्यूटी ऑफिसर:
काका म्हणू नका. शांतता कळेल तुमच्या मशीनला, सोमवारच्या जागी मंगळवारचं शेतीविषयक लागलं तर कळेल का? आवाज तर येतच असतो.

गाणीगोळा:
तुम्ही वही की वेब यावर भांडताय, मला त्या 'आर्टिस्ट' नावाच्या एकुलत्या रकान्याचा राग आहे. गीतरामायण घ्या. 1955 ला पुणे केंद्रावर सुरू झालं, 56 गाणी, शब्द गदिमांचे, चाली बाबूजींच्या, आणि रेडिओवर तेव्हा वेगवेगळे गायक होते. नंतर बाबूजींनी स्वतः सगळी गायली. आता आर्टिस्टमध्ये 'सुधीर फडके' लिहिलं तर ते गायक म्हणून की संगीतकार म्हणून? आणि गदिमा कुठे घालायचे, कमेंटमध्ये? माझ्याकडे एका स्टेशनची यादी आली होती, त्यात गीतकार शून्य. एकही नाही!! कॉपीराइट कायद्यातल्या 2012 च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा हक्क दिला तो कागदावरच राहायचा, कारण लॉगमध्ये त्यांचं नावच नाही.

शनिवारचा तास:
याचं उत्तर माझ्याकडे आहे. मी अमेरिकेत एका कॉलेज स्टेशनवर मराठी गाण्यांचा तास करतो, लॉग वेबवरच भरतो. तिथे वेबकास्टचा, म्हणजे इंटरनेटवर जे वाजतं त्याचा, रिपोर्ट साउंडएक्सचेंज नावाच्या रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेला जातो, तो पैसा गायक-वादक आणि रेकॉर्ड कंपनीचा, म्हणून कलाकार, गाणं, अल्बम, लेबल एवढं भरलं की झालं. गीतकार-संगीतकारांचा पैसा वेगळ्या संस्थांमार्फत जातो. त्यांच्या कायद्याप्रमाणे त्यांचे रकाने. आपण ते जसेच्या तसे उचलले.

अर्धविराम:
आयडी3 टॅगमध्ये, म्हणजे गाण्याच्या फाइलमध्येच माहिती लिहायची सोय असते त्यात, संगीतकाराला आणि गीतकाराला वेगळी जागा आहे. लोक भरत नाहीत, त्याला सॉफ्टवेअर काय करणार?

गाणीगोळा:
लोक भरत नाहीत कारण तुमच्या स्क्रीनवर ती जागा दिसत नाही!! तीन क्लिक आत लपवायचं आणि वर लोकांना आळशी म्हणायचं.

फेडरवाली:
आणि सॉफ्टवेअरमधला तो 'एकच आर्टिस्ट तासाभरात पुन्हा नको' वाला नियम. आमच्या लायब्ररीत जुन्या गाण्यांत लता आणि आशा काढल्या तर उरतं काय? सॉफ्टवेअरने एकदा सकाळच्या तासात तिसरं गाणं सापडेना म्हणून पोळ्याचं गाणं लावलं, चैत्रात. फोन आले ना गावातून.

अर्धविराम:
तो नियम सेटिंगमध्ये बंद करता येतो. मॅन्युअल कोणी वाचायचं?

फेडरवाली:
मॅन्युअल इंग्रजीत, आमच्या आरजे दहावी झालेल्या, घरचं आवरून, शेतातलं करून येतात. तुम्ही वाचा आणि त्यांना समजावून सांगा, या एकदा. बरं, नियम बंद केला, पण एकादशीचं काय? रविवार कळतो, 15 ऑगस्ट कळतो, आषाढी कळत नाही. दरवर्षी हाताने तारीख हलवायची.

अर्धविराम:
पंचांग मी कोडमध्ये घालणार नाहीये. अधिक महिना आला की माझी वाट लागेल.

जुना ड्यूटी ऑफिसर:
आम्ही तिमाही वेळापत्रक करताना शेजारी कालनिर्णय टांगलेलं असायचं. तेवढी अक्कल पुरायची.

अर्धविराम:
झालं, आता मला अक्कलही नाही. ठीक आहे. गीतकार, संगीतकार, गायक वेगळे आणि पहिल्याच स्क्रीनवर, हे मान्य. शेड्यूल आणि लॉग दोन वेगळी टेबलं, लॉगमधली ओळ कोणी बदलली तर जुनी ओळ पुसायची नाही, तीही दिसत राहणार. सणांच्या तारखांची यादी वर्षातून एकदा फाइलने चढवा. पण वही चांगली हे मी मरेपर्यंत म्हणणार नाही.

फेडरवाली:
नका म्हणू, आम्ही ती बंदही करणार नाही. महिनाभर दोन्ही भरू, मग जुळवून बघू कोण खोटं बोलतंय.

जुना ड्यूटी ऑफिसर:
शेरा असा एक रकाना ठेवा. मोठा.

अर्धविराम:
ठेवतो. 255 अक्षरं.

गाणीगोळा:
काना-मात्रा धरून की सोडून?