नववी-दहावीला पीटीचा तास सक्तीचा हवा का?

आठवीची आई, विश्रामबाग, सांगली
लेक जूनमध्ये नववीत जाईल. पालकसभेत काहींनी मागणी केली, की नववी-दहावीला पीटी ऐच्छिक करा आणि त्या वेळात गणिताचा सराव घ्या. पुढच्या सभेत ठरणार आहे. मला हे पटत नाही, पण लेकच म्हणते, "आई, मला नको पीटी." सकाळी क्लास, मग शाळा, संध्याकाळी परत क्लास. चालणं होतं ते जिन्यापुरतं. सक्ती करावी का?

पीटीचे सर, कोरेगाव
ताई, करावीच. खेळणारी पोरं शिट्टीच्या आधीच मैदानात असतात, त्यांना सक्ती लागत नाही. हा तास तुमच्या लेकीसारख्यांसाठी आहे, कारण त्यांना दिवसभरात दुसरी जागाच नाही.

आमच्याकडे आठवीपासून मुली कडेला बसायला लागल्या. मी बाईंना विचारायला सांगितलं. कारणं साधी निघाली: ओढणी सांभाळत पळता येत नाही, कपडे बदलायला खोली नाही, मुलं बघून हसतात. पीटीच्या दिवशी ट्रॅकपँट चालेल असं मुख्याध्यापकांकडून मंजूर करून घेतलं, मुलींचा खो-खो वेगळा लावला. आता संघात घ्या म्हणून माझ्या मागे लागतात.

जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वयाला रोज सरासरी ६० मिनिटं दमवणारी हालचाल सांगते. आठवड्याच्या दोन तासिकांत त्यातलं चतकोरही भरत नाही, आणि तेही खोडायचं? खाशाबा जाधवांचं १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमधलं कुस्तीचं ब्राँझ, मोहीच्या धावपटू ललिता बाबरची २०१६ ची रिओ ऑलिंपिकची फायनल, ही नावं स्नेहसंमेलनात घ्यायची आणि वेळापत्रकातून मैदान काढायचं, याचा मला संताप येतो.

एक बाबा, मिरज
माझ्या मुलाला दमा आहे. त्याला मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, वर गुणही कापले. असली सक्ती नको. आणि निम्म्या वेळा पीटीच्या तासाला विज्ञानाचा पोर्शनच पुरा होतो.

पीटीचे सर, कोरेगाव
दादा, ती शिक्षा झाली, शारीरिक शिक्षण नव्हे. डॉक्टरांची चिठ्ठी शाळेत द्या. इन्हेलर वर्गातल्या दप्तरात नको, मैदानावर हाताशी हवा. गार हवेत अंग मोकळं करायला जास्त वेळ द्यायचा. आणि गुण वेगाला देऊच नयेत. जूनपेक्षा दिवाळीला पोरगं किती पुढं गेलं ते बघावं.

पोर्शनचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात शाळेला मैदान लिहिलंय. सहावी ते आठवीत १०० च्या वर मुलं असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणाला अंशकालीन निदेशक, म्हणजे अर्धवेळ शिकवणारा, हाही लिहिलाय. तुमच्या शाळेत तो कोण, हे लेखी विचारा.

आठवीची आई, विश्रामबाग, सांगली
सर, लेकीला खोदून विचारलं. "मुलं बघतात" हेच निघालं. ट्रॅकपँटचं सभेत मांडते. पाळीच्या दिवसांत तुम्ही काय करता?

पीटीचे सर, कोरेगाव
मुलगी बाईंना फक्त "आज हलकं" एवढंच सांगते. त्या दिवशी ती गुणफलक सांभाळते किंवा ताणाचे व्यायाम करते, पण येते मैदानावरच. आणि पळावंसं वाटलं तर तिला कुणी अडवत नाही.